कुत्रं वस्तू कुरतडतं, थांबतं आणि पुन्हा सुरू करतं: कारण कसं शोधायचं

आमच्या भुरीने पहिल्या सव्वा वर्षात दोन चष्मे, एका रिमोटची सगळी रबरी बटणं, चार्जरच्या तीन वायरी आणि दाराच्या चौकटीची एक कड संपवली. चष्मे, रिमोट आणि वायरी एका कारणाने गेल्या, चौकट अगदी वेगळ्या कारणाने. हे लक्षात यायला मला बरेच महिने लागले आणि तोवर सगळं आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असं चाललं होतं. नवी खेळणी आणली, कडू स्प्रे मारला, फिरवणं वाढवलं. रिमोट वाचला. चौकट मात्र रोज थोडी थोडी झिजत राहिली.

ज्यांच्या घरी हा प्रकार थांबतो, दोन-तीन आठवडे बरे जातात आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न होतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. कुरतडणं हा काही आजार नाही. कुत्र्याला जबडा चालवायची गरज आयुष्यभर असते. आपण हाताने चाचपून वस्तू पाहतो, ते तोंडाने पाहतं, आणि चघळता चघळता शांतही होतं. त्यामुळे चावणंच बंद करायचं असं ठरवलंत तर दोघांचेही हाल होतील. काय चावायचं ते आपण ठरवू शकतो. पण त्याआधी ते आत्ता नेमकं कशापायी चावतंय हे कळायला हवं. एका फाटक्या उशीमागे पाच-सहा निरनिराळी कारणं असू शकतात. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही, आणि कधी कधी तर उलटतं.

आधी चार दिवसांची नोंद

धोक्याच्या वस्तू तेवढ्या लगेच उचला. बाकी चार दिवस काहीही बदलू नका, फक्त लिहून ठेवा: कोणती वस्तू, घरात नेमकी कुठे, साधारण किती वाजता, तेव्हा घरात कोण होतं आणि त्याआधीच्या दोन तासांत कुत्र्याने काय केलं होतं. हे शेवटचं सगळ्यात जास्त उपयोगाचं, आणि तेच लिहायचं राहून जातं. ते झोपून उठलं होतं, की सकाळपासून झोपलंच नव्हतं? फिरून आलं होतं, की पाहुण्यांच्या गडबडीत फिरणं बुडालं होतं?

घरात कुणी नसताना नुकसान होत असेल तर नोंदीला रेकॉर्डिंगची जोड द्या. जुना फोन फडताळावर टेकवून ठेवला तरी पुरतं. पहिला अर्धा तास तरी दिसला पाहिजे. घरी आल्यावर पसारा बघून काढलेले अंदाज बहुतेक चुकतात, माझे तर सगळेच चुकले होते.

नोंद कशी वाचायची

वयापासून सुरुवात करा. पिल्लाला दुधाचे 28 दात असतात. साडेतीन-चार महिन्यांच्या सुमारास ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत त्यांच्या जागी 42 कायमचे दात येतात. या काळात हिरड्या सळसळतात, खेळण्यावर रक्ताचा एखादा डाग दिसतो, कधी तांदळाच्या दाण्याएवढा दात फरशीवर सापडतो, बरेचदा तर पिल्लू तो गिळूनच टाकतं. त्यात काळजीचं काही नाही. या वयातलं पिल्लू समोर येईल ते चावतं, त्याची विशिष्ट आवड नसते. थंड वस्तू त्याला बरी वाटते. भिजवून पीळ घातलेला, फ्रीझरमध्ये कडक केलेला जुना रुमाल समोर बसून चघळू द्यावा आणि चिंध्या निघायला लागल्या की काढून घ्यावा.

दात आले की थांबेल असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. सात महिन्यांनंतर थोडं निवळतं आणि आठव्या-नवव्या महिन्यापासून वर्ष-दीड वर्षापर्यंत दुसरी लाट येते. ही वयात येण्याची लाट. जबड्यात आता खरी ताकद असते, अंगात रग असते आणि आपण मात्र बेसावध झालेलो असतो. चपला पुन्हा दाराशी आलेल्या असतात, खेळणी कुठे तरी कोपऱ्यात गेलेली असतात. मग सोफ्याचा हात फाटतो आणि लोक म्हणतात, शिकवलेलं सगळं विसरलं. विसरलेलं काही नसतं. पहिल्या लाटेचं कारण संपलं, दुसरीचं सुरू झालं, आणि त्याच वेळी आपला पहारा उठला. बहुतेक घरांतलं थांबलेलं पुन्हा सुरू झालं हे इथलं असतं.

आता वस्तू बघा. चष्मा, रिमोट, चप्पल, मोजा, उशीची खोळ, अंतर्वस्त्रं. यांत सामाईक एकच गोष्ट आहे, आपला वास. कुत्रं सूड म्हणून तुमची आवडती चप्पल निवडत नाही. दिवसभर पायात असलेली चप्पल त्याच्या नाकाला घरातली सगळ्यात ‘तुमची’ वस्तू वाटते आणि ते तिच्याजवळ जाऊन बसतं. दात हे त्यापुढचं. एखादं कुत्रं फक्त मऊ कापड धरून चोखत राहतं, पाय खालीवर करतं, डोळे मिटतात. आईपासून फार लवकर तोडलेल्या पिल्लांत हे जास्त दिसतं. कापड गिळत नसेल तर त्यासाठी एक ठरलेलं फडकं दिलं की पुष्कळदा भागतं.

मग वेळ बघा. रोज संध्याकाळी सात-साडेसातला पिल्लू पिसाळल्यासारखं करतं, पायपुसणं ओढतं, पँटला लोंबकळतं, पडद्याला दात लावतं, असं असेल तर सगळे सांगतील की त्याला अजून दमवा. माझं मत उलट आहे. लहान पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं, निदान त्याला तेवढी झोप लागते. घरात वर्दळ असेल तर ती झोप होत नाही आणि अतिथकलेलं पिल्लू अतिथकलेल्या मुलासारखंच वागतं. चेंडू फेकून त्याला आणखी तापवण्याऐवजी अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात चघळायला काहीतरी देऊन बसवा. दहा मिनिटांत मान टाकली तर कारण सापडलं.

तुम्ही फोनवर बोलायला लागलात की बरोबर तुमच्याकडे बघत कोपऱ्यातलं वर्तमानपत्र उचलतं? ते तुम्हाला बोलावतंय. त्याला आजवर वर्तमानपत्राने हमखास उत्तर मिळवून दिलेलं आहे: तुम्ही उठता, नाव घेता, मागे धावता. हे कुत्रं एकटं असताना सहसा काही चावत नाही, हीच त्याची खूण. अशा वेळी वस्तू निरुपद्रवी असेल तर बघायचंही नाही, उठून दुसऱ्या खोलीत जायचं आणि ते शांत बसलेलं असताना, काहीही मागत नसताना, आठवणीने जवळ घ्यायचं. एक सावधगिरी: लक्ष देणं बंद केलं की पहिले काही दिवस प्रकार कमी न होता वाढतो. नेहमीचं बटण चालेना तर आपणही ते जोरात दाबतो. त्याच दिवसांत हार मानून धावलात तर जोरात दाबायचं एवढंच ते शिकेल.

फाडतं की गिळतं, हेही तपासा. तुकडे जुळवून बघा, काही कमी आहेत का. माती, दगड, कापड, प्लॅस्टिक सातत्याने गिळणारं कुत्रं खोडकर नसतं. पचनाचा विकार, जंत, रक्त कमी असणं, अशी कारणं त्यामागे असू शकतात आणि ती खेळण्यांनी जात नाहीत. पाच-सहा वर्षं कशालाही तोंड न लावणारं कुत्रं अचानक कुरतडू लागलं तर त्यालाही आधी पशुवैद्यकाला दाखवा. दाढ दुखत असेल, पोट बिघडलेलं असेल, स्टेरॉइडसारख्या औषधाने भूक खवळली असेल, किंवा म्हातारपणी मेंदूत होणारे बदल असतील. मोठ्या वयात नव्याने आलेल्या सवयीला शिस्त लावत बसू नये.

उरलं ठिकाण. नुकसान घरभर विखुरलेलं असेल, आज उशी, उद्या टोपली, तर बहुधा कंटाळा. नुकसान दार, खिडकी, चौकट, कडी, पडद्याची खालची कड एवढ्याच ठिकाणी असेल तर गोष्ट वेगळी आहे. त्यावर पुढे सविस्तर लिहिलंय, कारण माझी खरी चूक तिथे झाली.

ज्यात वेळ घालवायचा नाही

चावलेली वायर दिसली तर कुत्र्याला हात लावायच्या आधी बटण बंद करा. झटका बसल्यावर ते ठीक दिसलं तरी तोंडात भाजलेलं असू शकतं आणि फुप्फुसात पाणी काही तासांनी साचू शकतं, म्हणून त्याच दिवशी दाखवायचं. बटणासारखा चपटा सेल गिळला असेल तर तो थोड्याच वेळात अन्ननलिका जाळायला लागतो. शुगर-फ्री च्युइंगम आणि काही टूथपेस्टमध्ये झायलिटॉल असतं, त्याने कुत्र्याची रक्तातली साखर धाडकन उतरते. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, डांबरगोळ्या, उंदराचं औषध, पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची पट्टी, यांतलं काही तोंडात गेल्याचा संशय आला तरी लक्षणांची वाट बघू नका. रिकामं वेष्टन सोबत न्या, किती गोळ्या गेल्या ते डॉक्टरांना त्यावरून कळतं.

मोजा, मक्याचं कणीस, खेळण्याचा तुकडा आतड्यात अडकतो. वारंवार उलटी, खाणं सोडणं, पोटाला हात लावू न देणं, शी न होणं, ही त्याची लक्षणं, आणि ती दोन-तीन दिवसांनीही दिसू शकतात. दोरा, लोकर किंवा रिबन तोंडातून किंवा मागून लोंबत असेल तर ओढू नका. एक टोक आत अडकलेलं असेल तर ओढताना आतडं कापलं जातं. मिठाचं पाणी पाजून उलटी करवायची तर अजिबात नाही. मीठ स्वतःच विषारी ठरतं, आणि सेल, टोकदार वस्तू किंवा ॲसिड परत वर येताना दुसऱ्यांदा इजा करतं.

घर आवरणं हा अर्धा उपाय

हे कुणाला आवडत नाही, मलाही आवडलं नव्हतं. पण प्रत्येक वेळी सोफा फाडताना त्याला मजा येते आणि ती मजा म्हणजेच सराव. सराव थांबल्याशिवाय सवय मोडत नाही. गुडघे टेकून कुत्र्याच्या उंचीवरून खोली बघा. टेबलाखाली लोंबणारी वायर, पलंगाच्या कडेवरून डोकावणारं चादरीचं टोक, उभ्याने कधी दिसत नाही ते दिसेल. वायरी भिंतीलगत प्लॅस्टिकच्या नळीत घाला, चपला झाकणाच्या कपाटात, कपड्यांच्या टोपलीला झाकण, कचऱ्याचा डबा दारामागे.

आणि घर लहान करा. अख्खं घर मोकळं सोडण्याऐवजी दारात छोटं फाटक लावून एक खोली द्या, जिथे चावण्यासारखं जे काही आहे ते त्याचंच आहे. तिथे सलग महिनाभर काही बिघडलं नाही की दुसरी खोली, तीही आधी अर्धा तास, तुम्ही समोर असताना. लोक इथे घाई करतात. आठ दिवस बरे गेले की सगळी दारं उघडतात. पिंजरा वापरत असाल तर तो झोपायची जागा म्हणून हळूहळू सवयीचा करा, शिक्षेची कोठडी म्हणून नको. एकटेपणाला घाबरणाऱ्या कुत्र्याला तर त्यात कोंडूच नका. अशी कुत्री सुटायच्या धडपडीत दात आणि नखं तोडून घेतात.

हातात काय द्यायचं

जुनी चप्पल देऊ नका. जुनी आणि नवी यातला फरक आपल्याला कळतो. त्याला एवढंच कळतं की चप्पल ही चघळायची वस्तू आहे. चपलेच्या, मोज्याच्या आकाराची खेळणीही त्याच कारणाने नकोत.

कडकपणाचा माझा साधा नियम आहे: वस्तूवर अंगठ्याचं नख दाबून थोडी खूण उमटली पाहिजे. शिंगं, खूर आणि भरीव हाडं या परीक्षेत नापास होतात. त्यांच्यापायी वरच्या जबड्यातल्या मोठ्या दाढेची कपरी उडते आणि कुत्रं बिचारं दुखतंय हे दाखवतही नाही. शिजवलेली हाडं तर नकोच, त्यांचे टोकदार ढलपे निघतात. आकार असा हवा की वस्तू पूर्ण तोंडात मावणार नाही, आणि झिजून लहान झाली की टाकून द्यायची.

सर्वांत जास्त उपयोग झाला तो आतून पोकळ असलेल्या जाड रबरी खेळण्याचा. त्यात रोजच्या जेवणातलाच काही भाग ओला करून भरायचा आणि गोठवायचा. वरून वाढवलं तर कुत्रं जाड होतं, म्हणून वाटीतला तेवढा भाग कमी करायचा. सुरुवातीला मात्र सैल भरा, चटकन बाहेर येईल असं. पहिल्याच दिवशी दगडासारखं गोठवून दिलं तर ते दोन मिनिटं हुंगून सोफ्याकडे वळेल आणि आपण म्हणू, खेळण्यांत त्याला रस नाही.

खेळणी ढीगभर असतील तर दोन-तीनच बाहेर ठेवा आणि दर चार दिवसांनी बदला. महिनाभर जमिनीवर पडलेलं खेळणं त्याच्या लेखी फर्निचर होतं. पुठ्ठ्याच्या खोक्यात, टेप आणि पिना काढून, जेवणाचे दाणे टाकून द्या, फाडू द्या. कागद उडतील, झाडून घ्यावे लागतील. फाडणं ही त्याची हौस आहे आणि ती त्या खोक्यावर फिटली तर गादी वाचते. फक्त कागद गिळणाऱ्या कुत्र्याला हे देऊ नका.

फिरायला नेतानाही वेग आणि अंतर यांच्यामागे लागू नका. पट्टा सैल सोडून त्याला हुंगू द्यायचं. वीस मिनिटं मनसोक्त हुंगून आलेली भुरी तासभर ओढत चालवून आणलेल्या भुरीपेक्षा लवकर झोपते, हे मी नोंदवहीत पुन्हा पुन्हा पाहिलंय.

तोंडातली वस्तू परत घेताना

भुरी सात महिन्यांची असताना माझा मोजा तोंडात धरून टेबलाखाली गेली. मी हात घातला. तिने डोकं खाली नेलं, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसलं, अंग ताठ झालं आणि एका घोटात मोजा गिळला. चोरी पकडली गेली म्हणून नव्हे, हिसकावून घेतील म्हणून गिळला. पुढच्या दोन तासांत डॉक्टरांनी औषध देऊन तो बाहेर काढला, म्हणून निभावलं. तेव्हापासून हिसकावणं, मागे धावणं, जबडा उघडणं बंद. अपवाद फक्त जिवाला धोका असलेल्या वस्तूचा.

त्याऐवजी अदलाबदल शिकवा, आणि ती वस्तू चोरीला जायच्या आधी शिकवा. त्याच्या तोंडात त्याचंच साधं खेळणं असताना नाकाजवळ उकडलेल्या चिकनचा तुकडा धरायचा. तोंड उघडलं की ‘सोड’ म्हणायचं, तुकडा द्यायचा आणि खेळणंही परत द्यायचं. हे परत देणंच महत्त्वाचं आहे. दिलं तरी जात नाही, उलट जास्त मिळतं, हे त्याच्या मनात पक्कं झालं पाहिजे. दिवसातून पाच-सहा वेळा, दोन-तीन आठवडे. मग आधी शब्द, नंतर तुकडा. एके दिवशी ते चष्मा तोंडात घेऊन आपणहून तुमच्यासमोर येऊन उभं राहील. तेव्हा रागावू नका, कौतुकच करा. चष्मा लपून चावण्यापेक्षा आणून देणं केव्हाही बरं.

ओरडण्याबद्दल

घरी आल्यावर फाटलेली उशी दाखवून ओरडणं निरुपयोगी आहे, कारण उशी फाडून तास उलटलेला असतो आणि तुमचा राग त्याला तुमच्या येण्याशी जोडलेला दिसतो. ‘पण त्याला कळतं, बघा कसं कान पाडून बसलंय,’ असं म्हणणारे खूप भेटतात. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या संशोधक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2009 मध्ये 14 कुत्र्यांवर केलेला प्रयोग याच प्रश्नावर होता. मना केलेला खाऊ कुत्र्याने खरोखर खाल्ला की नाही, याचा त्या अपराधी चेहऱ्याशी संबंध आढळला नाही. मालक रागावला की तो चेहरा दिसला, न खाल्लेल्या कुत्र्यांच्याही तोंडावर. म्हणजे ते कान चुकीची कबुली देत नाहीत, समोरच्या रागाला शरण जातात. रोज असं झालं की तुमच्या येण्याचीच धास्ती बसते, आणि धास्तावलेलं कुत्रं आणखी चावतं.

डोळ्यांदेखत चावायला लागलं तर साध्या आवाजात हाक मारा, त्याची वस्तू पुढे करा, ती धरली की शाबासकी द्या. एवढंच.

कडू स्प्रे चालतो, पण मदतनीस म्हणून. आधी कापसाच्या बोळ्यावर मारून त्याला चाटायला द्या. तोंड वाकडं केलं तर उपयोगाचा. काही कुत्र्यांना त्याचं काहीच वाटत नाही. एक-दोन दिवसांत वास आणि चव उडते, रोज मारावा लागतो. मिरचीपूड किंवा तिखटाचं पाणी मात्र कधीच नको, डोळ्यांची आणि नाकाची आग होते.

चौकट: एकटं राहण्याची भीती

आता ती चौकट. कडीच्या उंचीपासून खाली वीतभर लाकूड खरवडलेलं, त्यात नखांच्या उभ्या रेघा, खाली फरशीवर लाळेचा ओला पट्टा. शेजारी भरलेलं रबरी खेळणं जसंच्या तसं, वरचा थर सुकलेला. मी घरात पाय ठेवताक्षणी ती तेच खेळणं अधाशासारखं संपवायची. हे किती तरी वेळा बघूनही मला त्याचा अर्थ लागला नव्हता. मी तिला कंटाळलेली समजत होते.

रेकॉर्डिंगमध्ये दिसलं ते असं: मी दार ओढलं, ती कान टवकारून उभी. मग दार ते खिडकी, खिडकी ते दार, जीभ बाहेर, धाप. चौथ्या मिनिटाला पहिली कण्हल्यासारखी हाक. सहाव्या मिनिटाला दोन्ही पाय चौकटीवर. कंटाळलेलं कुत्रं असं नसतं. ते आधी झोप काढतं, मग उठतं, घरभर फिरतं आणि उशीशी खेळतं, शेपूट सैल असते. घाबरलेलं कुत्रं पहिल्या अर्ध्या तासातच, बाहेर पडायच्या वाटेवर तुटून पडतं. लाळ, धाप, ओरडणं, एरवी शिकलेलं असूनही घरात लघवी होणं आणि आवडीच्या खाण्याला तोंड न लावणं, यांतली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर खेळण्यांचा आणि स्प्रेचा नाद सोडा.

इथे उपाय एकच आणि तो संथ आहे. त्याला सहन होईल त्यापेक्षा जास्त वेळ एकटं ठेवायचं नाही, आणि तो वेळ सेकंदांपासून वाढवायचा. आधी निघण्याच्या खुणा बोथट करा. किल्ल्या उचलायच्या आणि परत बसून वाचत राहायचं. चपला घालून स्वयंपाकघरात जायचं. किल्ल्यांच्या आवाजाला मान वर होईनाशी झाली की दार उघडून बंद करायचं, आत राहूनच. मग बाहेर जाऊन पाच सेकंदांत परत. मग आठ, मग चार, मग बारा. दर वेळी वाढवत नेऊ नका, मध्येच सोपं करा, नाहीतर प्रत्येक खेप आधीच्यापेक्षा कठीण होते आणि ते त्याच्या ध्यानात येतं. सतत ओठ चाटणं, प्रसंग नसताना जांभया, दारावर खिळलेली नजर दिसली तर आदली पायरी. जाताना-येताना मोठा सोहळा नको. पण हाक मारून निरोप घेतलात तर काही बिघडत नाही, त्यावर उगाच फार चर्चा होते.

या काळात नोकरी-कामाचं काय, हा खरा प्रश्न. कुटुंबातल्यांच्या वेळा विभागून, ओळखीच्या कुणाकडे तरी दिवसभर ठेवून किंवा सोबतीला माणूस बोलावून आम्ही दोन-अडीच महिने रेटले. कठीण गेलं. पण दिवसा तीन तास घाबरवून संध्याकाळी दहा सेकंदांचा सराव केला तर शून्य हाती लागतं. दुसरं कुत्रं आणणं हा यावरचा उपाय नाही. ते माणसासाठी कासावीस होत असतं, सोबतीसाठी नाही.

भीती तीव्र असेल तर पशुवैद्यकाशी औषधांबद्दल मोकळेपणाने बोला. फ्लुओक्सेटिन आणि क्लोमिप्रामिन ही औषधं यासाठी वापरतात. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि सराव सोबत चालूच ठेवावा लागतो. ही माणसांचीही औषधं असल्याने घरातल्या कुणाच्या पट्टीतून गोळी काढून द्यायचा मोह होतो. तसं करू नका. मात्रा वेगळी असते आणि काही औषधांबरोबर ती चालत नाहीत. औषध देणं म्हणजे आपण हरलो असं समजणाऱ्यांनी एकदा तरी पहिल्या दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग आवाजासह बघावं.

पुन्हा उलटलं तर

उलटेलच, कधी ना कधी. घर बदललं, घरातलं कुणी दूर गेलं, सुट्टी संपून सगळे एकदम कामाला लागले, फटाक्यांची एक रात्र गेली, आजारपणात फिरणं बंद पडलं. अशा वेळी नवीन उपाय शोधायच्या आधी वही काढा आणि गेल्या पंधरा दिवसांत काय बदललं ते लिहा. मग घर पुन्हा एका खोलीचं करा, पायऱ्या दोन मागे न्या आणि जुनाच क्रम परत चालवा. दुसऱ्या खेपेला पहिल्याइतका वेळ लागत नाही.

आणि कारण तेच आहे असं गृहीत धरू नका. भुरीने मागच्या पावसाळ्यात टेबलाचा पाय कुरतडला तेव्हा मी लगेच एकटेपणाची पायरी मागे नेली. रेकॉर्डिंगमध्ये ती शांत झोपलेली होती. पाय कुरतडायची ती रात्री, सगळे घरात असताना, आणि एकाच बाजूच्या दातांनी. डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं तर दुसऱ्या बाजूच्या दाढेला चीर गेलेली होती. दाढ काढली, आठवड्यात कुरतडणं थांबलं.

चौकट आम्ही अजून रंगवलेली नाही. महिन्यातून एकदा फोन फडताळावर ठेवून बाहेर पडते. गेल्या वेळी ती दारापर्यंत आली, चौकट हुंगली, चाळीस सेकंद उभी राहिली आणि वळून पायपुसण्यावर जाऊन आडवी झाली.